ठिपक्यांची लाइन

बाबा निवृत्त व्हायला दोन वर्षं उरली होती, तेव्हा एका संध्याकाळी ते ऑफिसातून नेहमीपेक्षा लवकर आले आणि बूट काढायच्या आधीच म्हणाले, फ्लॅटचं ठरलं.

आम्ही तेव्हा सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो. बाबा केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते. माझा जन्म, शाळा, कॉलेज, पहिली नोकरी, सगळं त्या दोन खोल्यांत झालं. क्वार्टर आपलं नसतं हे सरकारी नोकराच्या मुलांना भिंतीला खिळा ठोकतानाच कळलेलं असतं. निवृत्तीनंतर काही महिन्यांत किल्ली परत करायची, एवढंच. त्यामुळे पुढे राहायचं कुठे, हा विषय घरात वर्षभर गाजत होता. आईचं मन पुण्याकडे होतं. तिचे दोन भाऊ आणि बहीण तिकडे, आणि कोथरूडला एका नव्या इमारतीत जागा आहे असं मामाचं पत्रही आलेलं. बाबांना मात्र दिल्ली सोडवत नव्हती. तीस वर्षं दिल्लीला नावं ठेवून झाल्यावर माणूस दिल्लीचाच होतो.

बाबांनी ठरवलेला फ्लॅट यमुनेच्या पलीकडे होता. त्या भागाला दिल्लीत जमनापार म्हणतात, आणि म्हणताना बोलणाऱ्याचं नाक थोडं वर जातं. पटपडगंजच्या बाजूला सरकारी नोकरांनी एकत्र येऊन काढलेल्या हाउसिंग सोसायट्या उभ्या राहत होत्या. धड रस्ते नव्हते, पाणी टँकरनं यायचं, आणि अंधार पडल्यावर ऑटोवाला तिकडचं नाव काढलं की मान फिरवायचा. मी बाबांना तोंडावर सांगितलं की हा शुद्ध वेडेपणा आहे. माझी जीभ तेव्हा आजच्यापेक्षाही तिखट होती.

बाबा चिडले नाहीत. त्यांनी शर्टाच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि जेवणाच्या टेबलावर पसरला. ऑफिसातल्या कुठल्याशा बैठकीत भिंतीवर लावलेल्या नकाशाची ती त्यांनी पेन्सिलनं केलेली नक्कल होती. सरोजिनी नगरला दिल्लीभोवती गोल फिरणाऱ्या रिंग रेल्वेचं एक स्टेशन तेव्हाही होतं. सकाळ-संध्याकाळ मोजक्या लोकल यायच्या आणि त्यांतून उतरणारी माणसंही मोजकीच असायची. नकाशात ती लाइन पुढे वाढवून यमुनेपार नेलेली होती, ठिपक्याठिपक्यांनी. ते ठिपके आमच्या होणाऱ्या फ्लॅटच्या अगदी जवळून जात होते.

"घराजवळ बसायचं, मार्केटला उतरायचं," बाबा आईला म्हणाले. "मध्ये बदलायची भानगड नाही. तुझं काही सुटत नाही."

आईनं तो कागद बराच वेळ पाहिला आणि बरं म्हणाली. पुण्याला मामाला नकाराचं पत्र तिनंच लिहिलं.

आईचं काय सुटणार होतं ते आता सांगायला हवं. ती रोज चार वाजता मार्केटला जायची. सोमवारी मार्केट बंद, तो वार सोडून रोज. सरोजिनी नगरचं मार्केट लोकांना माहीत असतं ते स्वस्त कपड्यांसाठी. कॉलेजच्या मुली ढिगाऱ्यात कोपरापर्यंत हात घालून टॉप उपसत असतात ते. आई त्या ढिगाऱ्यांकडे बघायचीसुद्धा नाही. आतल्या एका गल्लीत मॅचिंगचं दुकान होतं. साडीला जुळणारं ब्लाउजचं कापड, अस्तर, फॉल, एवढाच माल. फाळणीत लाहोरहून आलेल्या एका कुटुंबाचं ते दुकान, आणि मालकांना आम्ही अंकलजी म्हणायचो. आई एकदा तिथे साडी घेऊन गेली. अंकलजींनी काढून दिलेलं कापड तिनं उचललं, दुकानाबाहेर रस्त्यावरच्या उन्हात नेलं, साडीला लावून पाहिलं आणि परत आणून दिलं. ट्यूबलाइटखाली रंग खोटं बोलतो, असं तिनं आपल्या मोडक्या हिंदीत त्यांना सांगितलं, आणि स्वतःच फळीवरचं कापडाचं दुसरं थान ओढलं. ते नेमकं जुळलं. शेजारी उभ्या असलेल्या एका बाईनं मग आपलीही साडी पुढे केली.

तिथून ते सुरू झालं आणि वीसेक वर्षं चाललं. गल्ल्याजवळ तिचं एक स्टूल ठरलेलं होतं. अवघड गिऱ्हाईक आलं की अंकलजी म्हणायचे, "बहनजी से पूछ लो." ती नोकरी नव्हती, पगार नव्हता, मागितलाही नाही. एक चहा यायचा. रविवारी लग्नात पाहिलेल्या साडीचा रंग मंगळवारपर्यंत डोक्यात जसाच्या तसा ठेवून ती त्याचं कापड बिनचूक काढायची. तिचे रंग मराठी होते. आमसुली, डाळिंबी, अबोली, मोरपंखी. मी दिल्लीत वाढलेली. मला हे सगळे रंग पर्पल, मरून, पीच आणि ग्रीन एवढेच कळायचे, आणि त्यावरून आई माझी यथेच्छ चेष्टा करायची. अंकलजी मात्र आपल्या पंजाबी तोंडानं नोकराला सांगायचे, वो आमसुली वाला थान उतारना.

साडेपाचला ती परत यायची. यायची तेव्हा चेहरा वेगळा असायचा, हे मला तेव्हाही दिसत होतं. मला वाटायचं, बाहेरची हवा लागली म्हणून असेल.

जमनापार गेल्यावर पहिली दोन-तीन वर्षं ती बसनं जात राहिली, आठवड्यातून एकदा, दोन बस बदलून. एकदा ती उतरायच्या आधीच बस सुटली आणि ती पडली. मनगट मोडलं. प्लास्टर काढून आणलं त्या दिवशी बाबा म्हणाले, आता बस नको, लाइन होतेच आहे, तोवर आम्ही नेऊ तुला.

तोवर आम्ही तिला नेऊ लागलो. दिवाळीच्या आधी, नाहीतर कुणाचं लग्न निघालं की. मी गाडी चालवायची, पार्किंग मिळत नाही म्हणून वैतागायची, आणि अर्ध्या तासात आटप असं सांगायची. बाबा पिशवी घेऊन तिच्यासोबत दुकानात जायचे. अंकलजी जुन्या वळणाचे. घरचे साहेब आलेत म्हटल्यावर ते आदरानं स्टूल पुढे करायचे. बाबा स्टुलावर बसायचे आणि आई उभी राहायची. यादीतलं काम झालं की आम्ही निघायचो. हे चित्र मी कितीदा तरी पाहिलं आणि त्यात काही चुकतंय असं मला कधी वाटलं नाही, याचा आता राग येतो.

पुढेपुढे आई नाही म्हणायला लागली. मी लग्न होऊन नोएडाला गेले होते, ऑफिस कस्तुरबा गांधी मार्गावर, दोन मुलं, रोजची धावपळ. तरी मधूनमधून मी आईला फोनवर विचारायची, शनिवारी मार्केटला जायचं का. तिचं एकच उत्तर असायचं: लाइन येऊ दे, मग जाईन. खरं सांगायचं तर मला ते उत्तर सोयीचं होतं. विचारल्याचं पुण्य मिळायचं आणि शनिवारही वाचायचा.

बाबांनी तोवर लाइनची फाइल उघडली होती. फाइल म्हणजे खरोखरची फाइल, पुठ्ठ्याची, पांढऱ्या टॅगची. निवृत्त झाला तरी सेक्शन ऑफिसरच तो. लाइनबद्दल पेपरात काही आलं की ते कात्रण कापायचे, कोऱ्या कागदावर चिकटवायचे, वर तारीख आणि पान क्रमांक घालायचे आणि चहाच्या वेळी आईपुढे ठेवायचे. आई चष्मा लावून वाचायची आणि कोपऱ्यात 'पाहिले' असं लिहून बारीक सही करायची. मग कागद टॅगला लागायचा. हे आमच्या घरात इतकं नेहमीचं होतं की माझ्या नवऱ्यानं पहिल्यांदा पाहिलं आणि तो हसत सुटला, तेव्हा यात हसण्यासारखं काय आहे ते आम्हाला कळेना.

फाइल जाड होत गेली. रिंग रेल्वे यमुनेपार न्यायचा विषय कधी मागे पडला ते कुणालाच कळलं नाही. मग मेट्रो आली. निळी लाइन आमच्या बाजूला आली तेव्हा मला वाटलं, झालं आता. कनॉट प्लेसला गाडी बदलायची, आयएनएला उतरायचं, तिथून ऑटो. बाबांनी मान हलवली. ही आपली नाही, म्हणाले. आपली म्हणजे नकाशातली. घराजवळ बसायचं आणि मार्केटला उतरायचं ती. आईही त्या निळ्या गाडीनं मार्केटला गेली नाही. जिने झेपत नाहीत, गर्दी सोसत नाही, असं काहीतरी म्हणाली, आणि मी ते खरं मानलं.

आणि मग एक दिवस गुलाबी लाइन जाहीर झाली. ती आमच्या सोसायटीजवळून निघून, यमुना ओलांडून, थेट सरोजिनी नगर मार्केटला जाणार होती. बाबांचे ठिपके जवळजवळ तसेच्या तसे. त्या दिवशी बाबांनी पेढे वाटले. मला फोन करून त्यांनी काही विशेष म्हटलं नाही, फक्त विचारलं, पेपर पाहिलास का. मी बाबांना इतकं खूश क्वचितच पाहिलं असेल. रोज सकाळी फिरायला जाताना ते नव्या खांबांखालून जायचे आणि कामावरच्या इंजिनिअरांना सूचना करून यायचे. ते बिचारे ऐकून घ्यायचे.

लाइन सुरू झाली, पण मधला एक तुकडा राहिला. आमच्या बाजूनं गाडी त्रिलोकपुरीपर्यंत जायची आणि थांबायची. पलीकडे मयूर विहारपासून पुढे पुन्हा सुरू. मध्ये काही घरं होती, ती हलवायची होती, त्या माणसांना दुसरी घरं द्यायची होती, आणि ते काम लांबत चाललं होतं. त्या घरांतल्या बायकांनाही कुणीतरी सांगत असेल, तुझं काही सुटत नाही म्हणून, असं माझ्या मनात येऊन गेलं. मी बाबांना म्हटलं, मधल्या तुकड्याला ई-रिक्षा जाते, दहा मिनिटं लागतात, काय बिघडलं? बाबा म्हणाले, तुकड्यातुकड्यांनी जायचं असतं तर केव्हाच गेलो असतो. मी हिला एका गाडीत बसवीन म्हटलं होतं. आईनं त्या बातमीवरही 'पाहिले' लिहून सही केली.

मग कोरोनाच्या दोन लाटा गेल्या. आणि एके दिवशी तो तुकडा जोडला गेला.

आईनं दुसऱ्या दिवशी कपाटातून एक सुती साडी काढून इस्त्रीला दिली आणि मंगळवारी जाऊ म्हणाली. बाबा म्हणाले, पहिल्या आठवड्यात गर्दी असेल. पुढच्या आठवड्यात त्यांचा गुडघा दुखला. मग तिसरी लाट येणार असं कुणीतरी म्हणालं. मग पितृपक्ष लागला, तेव्हा मार्केटला जायचं नसतं असं त्यांनीच काढलं. एरवी ते असलं काही पाळत नाहीत. मी चक्रावून गेले. वीस वर्षांहून जास्त ज्यानं फाइल चालवली तो माणूस लाइन दारात आल्यावर अंग काढून घेत होता.

एका रविवारी मी त्यांना बाल्कनीत गाठलं आणि स्पष्ट विचारलं. ते समोरच्या खांबांवरून जाणाऱ्या गाड्या बघत होते. मग त्यांनी सांगितलं ते असं. मधला तुकडा अडलेला होता त्या काळात, कोरोनाच्या आधीच्या नोव्हेंबरात, ते एकटे सरोजिनी नगरला जाऊन आले होते. आईला सांगितलं, बँकेत हयातीचा दाखला द्यायला जातोय. त्रिलोकपुरीपर्यंत गाडी, मग ई-रिक्षा, मग पुन्हा गाडी. आईला त्रास होऊ नये म्हणून त्यांना आधी सगळं बघून ठेवायचं होतं: लिफ्ट कुठे, बाहेर पडायचं कोणत्या गेटनं, पायऱ्या किती. ते सगळं झाल्यावर ते गल्लीत गेले. मॅचिंगचं दुकान तिथे नव्हतं. त्या जागी गॉगल आणि मोबाइलची कव्हरं टांगलेली होती. शेजारच्यानं सांगितलं की अंकलजी वारले आणि मुलानं दुकान विकलं. परत येताना ते आमच्या क्वार्टरकडे वळले, तर तिथे पत्र्याची भिंत होती आणि पत्र्यापलीकडे आमचा ब्लॉक नव्हता. नव्या टॉवरसाठी पाडला होता.

"आता तिला काय दाखवू?" बाबा म्हणाले.

त्यांचे डोळे भरले होते. मी एवढंच म्हटलं की आईला सांगून टाका. ते हो म्हणाले, आणि त्यांनी सांगितलं नाही.

सांगायची गरजच पडली नाही. सरकारी कामात मुरलेला माणूस काय वाटेल ते लपवेल, पण झालेल्या कामाची नोंद केल्याशिवाय त्याला झोप लागत नाही. बाबांनी त्या दुपारची नोंद केली होती. वेगळा कागद घेऊन, तारीख घालून, लिफ्ट, गेट, पायऱ्या, सगळं एकाखाली एक, आणि शेवटी 'दुकान: नाही. क्वार्टर: नाही.' आणि तो कागद पान क्रमांक टाकून फाइलला लावून टाकला होता. फक्त चहाच्या वेळी आईपुढे ठेवला नव्हता.

दसऱ्यानंतरच्या रविवारी मी मुलांना घेऊन गेले होते. जेवणं झाल्यावर आईनं फाइल आणून बाबांच्या समोर ठेवली. गाड्यांच्या वेळा बघायला म्हणून तिनं ती उघडली होती. त्या पानावर तिची सही नव्हती, म्हणूनच तिचं तिकडे लक्ष गेलं. मी मुलांना खाली खेळायला पाठवलं.

बाबा म्हणाले की तुला वाईट वाटेल म्हणून नाही बोललो. मला वाटलं, आई आता अंकलजींसाठी रडेल. ती रडली, पण वेगळ्याच गोष्टीसाठी.

"दुकान गेलं ते गेलं," ती म्हणाली. "माणसं म्हातारी होतात, जातात. पण तुम्ही रिक्षानं गेलात."

बाबांना कळेना. मलाही कळेना.

"हिनं मला किती वेळा विचारलं गाडीनं चल म्हणून. मी नाही म्हटलं. निळ्या लाइननं मला जाता आलं नसतं का? जिने मी रोज चढते. पण मी गेले असते तर सगळ्यांनी म्हटलं असतं, साहेबांची लाइन काही आली नाही, शेवटी बाई गेली आपली रिक्षा करून. म्हणून नाही गेले. इतकी वर्षं मी तुमचा शब्द राखत बसले, आणि तुम्ही एका दुपारी तुकड्यातुकड्यांनी जाऊन आलात."

बाबांचा चेहरा पडला. "मला वाटलं, तुला आता तिथलं तेवढं काही राहिलं नाही," ते म्हणाले.

"विचारलंत का कधी?"

तिच्या त्या 'लाइन येऊ दे'मागे काय आहे, हे मीही कधी विचारलं नव्हतं. उलट ते ऐकून मला सुटल्यासारखं वाटायचं. आई उठली, भांडी आवरायला लागली आणि मी मदतीला गेले तर राहू दे म्हणाली. आठवडाभर घरात कामापुरतं बोलणं चाललं होतं, असं बाबांनी मला फोनवर सांगितलं. त्यांना इतकं एकटं पडलेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

दिवाळी झाल्यावर एका मंगळवारी सकाळी आईचा फोन आला. आज दुपारी मी मार्केटला जाणार आहे, ती म्हणाली. बाबांनी पाठीमागून सांगितलं की आम्ही जाणार आहोत. मी ऑफिसात अर्ध्या दिवसाची रजा टाकली. तिनं मला ये म्हटलं नव्हतं, हे माझ्या स्टेशनवर पोचल्यावर लक्षात आलं.

स्टेशनवर बाबांनी आपल्या प्लॅस्टिकच्या पाकिटातून तिघांची कार्डं काढली; माझंही त्यांनी आधीच करून ठेवलं होतं. घरातली सगळी कार्डं, दाखले, पावत्या त्यांच्याकडेच असतात. त्यांनी आईचं कार्ड मशीनला लावलं, तिला आत सोडलं, मग मला, मग स्वतः आले, आणि कार्डं परत पाकिटात गेली. प्लॅटफॉर्मवर आई पुढे चालू लागली, बायकांचा डबा थांबतो तिथपर्यंत. मीही तिच्या मागोमाग गेले.

"तू बाबांजवळ बस," ती म्हणाली. "त्यांना एकट्यानं जायची सवय नाही."

"आणि तुला?"

"मला होती. मला ती हवी आहे परत."

तिनं हे रागानं म्हटलं नाही. तब्येतीचं सांगावं तसं सांगितलं. दुकान नसलेल्या, क्वार्टर नसलेल्या जागी ही का निघाली आहे, ते मला तेव्हा समजलं. चार ते साडेपाच हा तिच्या दिवसातला एकच तुकडा होता जिथे ती कुणासोबत नसायची. जाताना दहा मिनिटं चालणं, येताना दहा मिनिटं, आणि मध्ये जिथे तिला विचारून काम व्हायचं अशी एक जागा. आम्ही तिला नेऊन-आणून ते संपवलं होतं, आणि वर तिची काळजी घेतो म्हणून मिरवत होतो. मला स्वतःची लाज वाटली. मी मागच्या डब्यात जाऊन बाबांशेजारी बसले.

मेट्रोचे डबे आतून जोडलेले असतात. आमच्या जागेवरून पुढच्या डब्यातली आई तिरकी दिसत होती. खिडकीकडे तोंड करून बसली होती. गाडी यमुनेवर आली, खाली भाजीचे वाफे आणि काळपट पाणी गेलं, पुढे आम्ही जमिनीखाली शिरलो तरी ती काचेकडेच बघत होती. एकदाही तिनं मागे वळून पाहिलं नाही. बाबांनी एकदा विचारलं की उतरायचं स्टेशन आलं की तिला हाक मारायची का. मी म्हटलं, तिला वाचता येतं, बाबा.

सरोजिनी नगरला ती आमच्या आधी उतरली आणि लिफ्टकडे गेली. आम्ही पुढच्या फेरीत वर आलो, तर ती बाहेर पडायच्या मशीनजवळ उभी होती. लोक तिच्या दोन्ही बाजूंनी कार्ड लावून जात होते. तिला जाता येत नव्हतं, कारण तिचं कार्ड बाबांच्या पाकिटात होतं. बाबा घाईघाईनं पुढे झाले आणि सवयीनं तिचं कार्ड मशीनला लावायला गेले. आईनं हात पुढे केला. बाबा क्षणभर थांबले आणि त्यांनी कार्ड तिच्या हातात दिलं. तिनं ते स्वतः लावलं, बाहेर गेली, कार्ड आपल्या पर्समध्ये टाकलं आणि मार्केटच्या बाजूला वळली.

मी माझं कार्ड मागितलं तर बाबा म्हणाले, थांब. आम्ही दोघं आतच, भिंतीकडेला थांबलो. बाबांना फार वेळ उभं राहवत नाही, म्हणून गार्डनं आपली खुर्ची दिली. दीड तासानं आई परत आली. तिच्या हातात काही नव्हतं. दमली होती. बाबा उठून उभे राहिले आणि तिला खुर्चीवर बसायला सांगितलं. ती बसली.

"लाइन चांगली झालीय तुमची," ती म्हणाली.

बाबांनी मास्क सारखा केला आणि दुसरीकडे बघितलं. थोडा दम खाल्ल्यावर आई म्हणाली, "गुरुवारी परत येणार आहे. तुम्ही कुणी यायचं नाही."

घरापासून स्टेशनपर्यंत मी गाडीनं सोडते, हे वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं.